मुलीचे उत्तर आणि पुस्तकातले उत्तर

पत्राचा सारांश: कोल्हापुरात राहणाऱ्या एका आईचे हे पत्र आहे. त्यांची मुलगी मराठी माध्यमाच्या अनुदानित शाळेत आठवीत शिकते आणि तिच्या वर्गात साठ मुले आहेत. मागच्या चाचणीत विज्ञानाच्या पेपरात ‘पुराची तीन कारणे लिहा’ असा तीन गुणांचा प्रश्न होता. मुलीचे आजोळ शाहूपुरीतल्या सखल भागात आहे. २०१९ आणि २०२१ या दोन्ही पुरांत त्या घरात पाणी शिरलेले तिने पाहिले आहे. तिने उत्तरात लिहिले, ‘नदीच्या जागेत आपण घरे बांधली, म्हणून नदी आपल्या घरात येते,’ आणि त्याच मुद्द्यावर पाऊण पान भरले. तिला एक गुण मिळाला आणि शेजारी लाल शाईत ‘पुस्तकातील उत्तर लिही’ असा शेरा आला. तिने वर्गात कारण विचारले, तेव्हा ‘जास्त शहाणपणा नको’ असे ऐकावे लागले आणि मुले हसली. तेव्हापासून ती वर्गात हात वर करत नाही. घरी अभ्यासाला बसली की म्हणते, ‘काय लिहायचे ते सांगा, मी लिहिते.’ वडिलांचे म्हणणे असे की, दहावी होईपर्यंत शिक्षकांना हवे तेच लिहावे, विचार नंतर करता येईल. आजी म्हणते, मुलीच्या जातीने वाद घालू नये. आई विचारतात, ‘शाळा मुलांना विचार करायला शिकवते की नुसती मान डोलवायला? आम्ही मुलीची शाळा बदलावी का?’

प्रिय ताई,

तुमचे पत्र सावकाश वाचले. दोन गुण गेल्याचे दुःख फार मोठे नाही, असे तुम्हीच लिहिले आहे आणि ते खरे आहे. मला काळजी वाटली ती ‘काय लिहायचे ते सांगा, मी लिहिते’ या वाक्याची. आपले मत चुकीचे ठरवले म्हणून मुलगी रागावली, रडली, भांडली, तर तिचा विचार अजून जागा आहे असे समजावे. पण तीच मुलगी शांतपणे असे म्हणू लागली की तिने मनाशी एक हिशेब पक्का केला आहे असे समजावे लागते. विचार केला तर त्याची किंमत मोजावी लागते, न केला तर काहीच मोजावे लागत नाही, हा तो हिशेब. शाळा कोणती, बोर्ड कोणते, गुण किती, हे प्रश्न मी त्यानंतरचे मानते.

आता तुमच्या मुख्य प्रश्नाकडे येते. शाळा विचार करायला शिकवते की मान डोलवायला, असे तुम्ही विचारता, तेव्हा या दोहोंपैकी एकच काहीतरी खरे असणार असे तुम्ही गृहीत धरलेले दिसते. कोल्हापूरच्या माणसाला तरी असे एका बाजूने बोलता येणार नाही. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये आपल्या संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले आणि मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड ठेवला. १९१९ मध्ये अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्यांना सर्वांच्या शाळेत घेण्याचा हुकूम त्यांनी काढला. ज्या मुलाने बापाचेच काम करायचे आणि गावापुढे मान खाली घालूनच उभे राहायचे असे पिढ्यान्‌पिढ्या ठरून गेले होते, त्याच्या दृष्टीने शाळेची सक्ती ही गावाच्या सक्तीतून सुटका होती. त्याच शाळेत घंटा झाली की उठायचे, रांगेत उभे राहायचे, विचारले तरच बोलायचे, हेही तो शिकला. एकाच इमारतीत ही दोन्ही कामे पहिल्या दिवसापासून चालत आली आहेत. तुमच्या मुलीला ‘नदीच्या जागेत’ हे शब्द लिहिता आले, पूर ही केवळ देवाची अवकृपा नाही एवढे तिला कळले, त्यातही तिच्या शाळेचा वाटा आहे, हे रागाच्या भरात विसरू नये.

कागदावर पाहिले तर कायदा तुमच्या मुलीच्या बाजूने उभा आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचे एकोणतिसावे कलम पहिली ते आठवीच्या अभ्यासक्रमाविषयी आहे. मुलांनी कृतीतून आणि शोधातून शिकावे, त्यांच्या मनातली भीती, दडपण आणि चिंता दूर व्हावी आणि त्यांना आपले मत मोकळेपणाने मांडता यावे, असे ते सांगते. शोधक बुद्धी आणि वैज्ञानिक दृष्टिकोन जोपासणे हे तर १९७६ पासून राज्यघटनेने नागरिकाचे मूलभूत कर्तव्य म्हणून लिहून ठेवले आहे. आणि पाठांतराच्या ओझ्याची चर्चा करणाऱ्या यशपाल समितीने १९९३ मध्येच बजावले होते की दप्तराच्या वजनापेक्षा न समजता शिकण्याचे ओझे जास्त जड असते. म्हणजे काय व्हायला हवे याविषयी आपल्याकडे फारसा वाद नाही. तरीही वर्गात वेगळे का घडते, हे समजून घेतल्याशिवाय तुम्ही शिक्षकांना भेटायला जाऊ नये असे मला वाटते.

अध्यापनात आयुष्य गेल्यामुळे मला दिसते ते सांगते. चाचणी संपली की एका शिक्षकाच्या टेबलावर चार तुकड्यांचे गठ्ठे येतात. तुमच्या शाळेचा पट धरला तर दोनशे चाळीस उत्तरपत्रिका होतात. शेजारी उत्तरसूची असते, तीत तीन कारणे असतात आणि प्रत्येक कारणाला एक गुण असतो. गुण ठरलेल्या तारखेच्या आत भरून द्यायचे असतात आणि मध्येच निवडणुकीच्या यादीचे काम येते. अशा वेळी शिक्षक उत्तर वाचत नाहीत, उत्तरात सूचीतले शब्द शोधतात. ‘अतिवृष्टी’ हा शब्द दिसला की बरोबरची खूण होते. ज्या मुलीने पाऊण पान भरून नवे काही लिहिले आहे तिच्या उत्तराला जास्त वेळ लागतो, आणि तो वेळ तेथे नसतो. हे मी शिक्षकांची बाजू घेण्यासाठी लिहीत नाही. वर्गात मुलीला ‘जास्त शहाणपणा नको’ म्हणणे चूकच आहे, आणि गठ्ठा कितीही मोठा असला तरी ते माफ होत नाही. पण लाल शाईतला शेरा आणि वर्गातले ते वाक्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली कामाच्या रेट्यातून आली आहे आणि दुसरी भीतीतून. उत्तर आपल्याला माहीत नसले तर काय, ही भीती मुलांइतकीच शिक्षकांनाही असते.

त्याहून अधिक इजा मात्र मुलांच्या हसण्याने झाली असावी, असा माझा अंदाज आहे. १९५० च्या दशकात अमेरिकेत सॉलोमन ॲश या मानसशास्त्रज्ञाने केलेला प्रयोग या बाबतीत फार बोलका आहे. काही रेघा दाखवून त्यांतली कोणती रेघ नमुन्याएवढी लांब आहे, एवढेच त्याने तरुणांना विचारले. उत्तर डोळ्यांना स्वच्छ दिसत होते, पण खोलीतले बाकीचे सगळे आधीच ठरवून चुकीचे उत्तर देत होते. अशा वेळी साधारण एकतृतीयांश उत्तरे गर्दीच्या बाजूने गेली आणि बहुतेक जण निदान एकदा तरी झुकले. ही सगळी सुशिक्षित माणसे होती, आणि त्यांना कोणी छडी दाखवली नव्हती. आपण एकटे पडू एवढी धास्ती पुरेशी ठरली. पण त्याच प्रयोगात असेही दिसले की खोलीत आणखी एकाने जरी खरे उत्तर दिले तरी झुकण्याचे प्रमाण एकदम खाली येते, आणि उत्तर मोठ्याने न सांगता कागदावर लिहायचे असले तरीही ते कमी होते. तुमच्या मुलीसाठी काय करता येईल याची वाट मला येथेच दिसते. तिच्या बाजूने सगळा वर्ग उभा राहण्याची गरज नाही, एक माणूस पुरेल. ती वर्गमैत्रीण असेल, मामेभाऊ असेल किंवा दुसऱ्या विषयाच्या बाई असतील. तो एक माणूस शोधायला तिला मदत करा. तोपर्यंत तिला बोलायचे नसेल तर तिने लिहावे. एक साधी दोनशे पानी वही आणून द्या, तीत तिने आपले प्रश्न आणि पटलेली न पटलेली उत्तरे लिहावीत, आणि ती वही तिने होऊन दाखवल्याशिवाय घरात कोणी उघडू नये.

आता तुम्हाला कदाचित आवडणार नाही अशी एक गोष्ट लिहिते. तुमच्या मुलीचे उत्तर स्वतंत्र आहे, पण ते पुरे नाही. प्रश्न तीन कारणांचा होता आणि तिने एकाच कारणावर सगळी शाई खर्च केली. पूररेषेच्या आतली बांधकामे हे कारण आहेच, पण २०१९ साली पाणलोट क्षेत्रात पडलेला प्रचंड पाऊस बाजूला ठेवून त्या पुराचे स्पष्टीकरण होत नाही. ‘आपण वेगळे लिहिले म्हणून ते बरोबर’ असा समज तिच्या मनात बसला तर तो ‘पुस्तकात आहे म्हणून ते बरोबर’ या समजाइतकाच घातक ठरेल. स्वतंत्र विचार म्हणजे सगळ्यांपेक्षा निराळे बोलणे, असा गैरसमज पालकांत बराच आढळतो. स्वतः तपासून पाहिल्यावर एखाद्याला पुस्तकातलेच उत्तर पटले तर त्याचाही विचार तितकाच स्वतंत्र असतो. मुलांना आपण एकच सवय लावायची आहे, आणि ती म्हणजे ‘हे कशावरून?’ असे आधी स्वतःला आणि मग दुसऱ्याला विचारण्याची.

म्हणून एखाद्या रविवारी तिच्याबरोबर तो प्रश्न पुन्हा उघडा. पंचगंगेचा पूर हा विषय कोल्हापूरच्या मुलांना घराबाहेर पडून अभ्यासता येतो, असे भाग्य फार थोड्या ठिकाणी असते. राजाराम बंधाऱ्यावर पाण्याची पातळी मोजतात, तेथे ३९ फुटांवर इशारा पातळी आणि ४३ फुटांवर धोका पातळी धरली जाते, हे तिने पावसाळ्यात बातम्यांतून ऐकलेच असेल. ही पातळी बंधाऱ्यावरच का मोजतात, आजोळच्या घराच्या भिंतीवर पाण्याची खूण कुठपर्यंत आहे, पातळी किती फुटांवर गेली की त्या गल्लीत पाणी येते, हे आजोबांना विचारून तिला टिपता येईल. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती या नद्यांचे पाणी कुठे एकत्र येते, राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडल्यावर काय होते, पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा यांत फरक काय, हे तिला नकाशावर पाहता येईल. कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाच्या फुगवट्याविषयी, म्हणजे तिथे अडलेल्या पाण्यामुळे इकडचा पूर वाढतो का याविषयी, तर मोठ्यामोठ्यांत अजून मतभेद आहेत. कोण काय म्हणतो आणि कशाच्या आधारावर म्हणतो, हे तिने दोन रकान्यांत लिहून काढावे. हे सगळे केल्यावर तिचे मूळ वाक्य कदाचित तसेच राहील, कदाचित बदलेल, पण ते आता कोणाच्या हसण्याने पडणार नाही.

तुमच्या यजमानांच्या म्हणण्याकडेही मी आदराने पाहते. दोघांच्या नोकरीवर घर चालते तेथे दहावीच्या टक्क्यांवर पुढची बरीच दारे उघडतात किंवा बंद होतात, आणि ही काळजी करणाऱ्या बापाला विचारांचा शत्रू म्हणणे अन्यायाचे आहे. परीक्षेत विचारले तेवढे, विचारले तसे लिहिणे हे एक कसब आहे आणि ते मुलीने शिकावे. आधी पुस्तकातली तीन कारणे तीन ओळींत लिहावीत, मग वेळ आणि जागा असेल तर ‘माझ्या निरीक्षणाप्रमाणे’ असे म्हणून आपला मुद्दा कारणासह मांडावा. यात लबाडी नाही. कोणाला काय सांगायचे आहे ते ओळखून लिहिता येणे हाही विचाराचाच भाग आहे, एवढे तिला उघडपणे समजावून सांगितले तर ती दुखावणार नाही.

पण ‘विचार नंतर करता येईल’ हे त्यांचे म्हणणे मला पटत नाही. त्याचे कारण त्यांच्याच लाडक्या दहावीत आहे. दहावीच्या मराठीच्या कृतिपत्रिकेत स्वमताचे प्रश्न असतात, म्हणजे मुलाला स्वतःला काय वाटते ते विचारलेले असते आणि त्याला गुण असतात. हे प्रश्न आणण्यामागचा हेतू चांगला होता. आज बाजारातल्या गाइडमध्ये प्रत्येक पाठाखाली ते स्वमतही छापून मिळते, आणि मुले ते ‘मला असे वाटते की’ या शब्दांपासून पाठ करतात. ज्या मुलांना आठवीपर्यंत स्वतःचे मत कोणी विचारलेच नाही, त्यांना दहावीत अचानक ते कुठून सुचावे? विचार करायचे वय पुढे ढकलले तर तेव्हा करायला तो उरत नाही, हे मी अकरावी-बारावीच्या हुशार मुलांतही पाहिले आहे. गणिताच्या नेहमीच्या पद्धतीत जरा बदल केला की ती वही मिटून ‘हे शिकवलेले नाही’ म्हणतात.

शिस्त आणि पाठांतर यांचा मात्र विनाकारण धिक्कार करू नका. आपल्या शहरात हे समजवायला फार लांब जावे लागत नाही. तालमीतला पोरगा पहाटे उठून जोर-बैठका मारतो, वस्ताद सांगतील तो डाव शंभर वेळा घोटतो, तेथे उलट प्रश्न विचारण्याची पद्धत नाही. पण खासबागेच्या हौद्यात तो उतरला की समोरच्याने पट काढल्यावर काय करायचे हे त्याचे त्यालाच, त्याच क्षणी ठरवावे लागते. पाढे, व्याकरण, कविता, सूत्रे यांचे घोटणे तसेच आहे. ज्याच्याजवळ काहीच पाठ नाही त्याला विचार करायला सामग्रीच नसते. तक्रार असावी ती इतकीच की आपल्या बऱ्याच वर्गांत जन्मभर घोटणेच चालते आणि कुस्तीचा दिवस कधी उजाडत नाही.

शाळेवर बोट ठेवण्याआधी घराकडेही एकदा पाहा. आजी म्हणतात, मुलीच्या जातीने वाद घालू नये. शाळेतल्या लाल शेऱ्याइतकेच हे वाक्य तिला आज्ञाधारक बनवते, आणि ते तिच्या भावाला कोणी म्हणणार नाही हेही तिला कळत असते. आजींशी भांडण काढा असे मी सांगत नाही. त्यांच्याच तरुणपणी त्यांनी एखादी गोष्ट घरच्यांच्या मनाविरुद्ध केली असेल, ती नातीला सांगायला लावा. बहुतेक आज्यांजवळ अशी गोष्ट असते. तुम्ही दोघांनीही एक सवय लावून घ्या. मुलीने काही विचारले किंवा तुम्ही तिला काही विचारले, की लगेच बोलू नका. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेने १९७० च्या दशकात वर्गांतल्या ध्वनिफिती ऐकून दाखवून दिले की शिक्षक प्रश्न विचारल्यावर सरासरी एक सेकंदच थांबतात. तोच वेळ तीन सेकंदांवर नेला तर मुलांची उत्तरे लांबतात, एरवी गप्प बसणारी मुले बोलू लागतात आणि मुले स्वतःहून अधिक प्रश्न विचारतात. तीन सेकंद थांबायला पैसे लागत नाहीत, पण जेवणाच्या ताटावर ते फार लांब वाटतात. सुरुवातीला ‘काही नाही’ असेच उत्तर येईल. तरी थांबत राहा. आणि ज्या बाबतीत तिचे मत तुम्ही खरोखर मानू शकता अशी एखादी बाब तिच्या हाती सोपवा, उदाहरणार्थ शिकवणी लावायची की नाही आणि लावायची तर कोणत्या विषयाची. मत विचारून घ्यायचे आणि शेवटी आपल्याच मनाचे करायचे, हे मुलांना न विचारण्यापेक्षा जास्त लागते.

शिक्षकांना भेटायला जरूर जा, पण मुलीला विचारून जा. तिला नको असेल तर थांबा. पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर हा विषय काढू नका, तेथे गेलेली गोष्ट दुसऱ्या दिवशी वर्गात पोचते आणि भोगायचे मुलीला असते. भेटीत गुणांपासून सुरुवात केली तर बोलणे तेथेच संपेल. ‘तिला पुराविषयी बरेच विचारायचे असते, तिने चाचणीत उत्तर कसे मांडायला हवे होते?’ असे विचारा. शिक्षकाला शिकवायला सांगितले की बहुतेक शिक्षक खुलतात. मग ती वर्गात गप्प झाली आहे, हे शांतपणे सांगा आणि तुमच्या रविवारच्या अभ्यासाची टिपणे वर्गात पाच मिनिटे मांडण्याची संधी तिला मिळेल का, एवढे विचारा. साठ मुलांच्या वर्गात पूर पाहिलेली आणखी दहा-बारा मुले नक्की असतील, आणि तिचा तो एक साथीदार कदाचित तेथेच सापडेल. मात्र अपमान वारंवार होत असेल तर सौम्यपणा पुरे. मुलांना मारणे आणि त्यांचा मानसिक छळ करणे यांवर शिक्षण हक्क कायद्याच्याच सतराव्या कलमाने बंदी घातली आहे. अनुदानित शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असावी लागते आणि तिचे तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. मुख्याध्यापकांना लेखी द्या आणि समितीपुढे विषय ठेवा.

आणि आता शाळा बदलण्याविषयी. महागडी शाळा किंवा दुसरे बोर्ड म्हणजे मोकळा विचार, असे समीकरण तुमच्या पत्रात डोकावते. ते मला मान्य नाही. फी वाढली की गणवेशाला टाय येतो, प्रकल्पाची फाइल गुळगुळीत होते, पण ती फाइल दुकानातून तयार करून आणलेली असू शकते. उलट याच कोल्हापुरात लीलाताई पाटील यांनी १९८५ मध्ये सृजन आनंद विद्यालय सुरू केले, ते मराठी माध्यमातले होते आणि मुलांच्या अनुभवाला तेथे अभ्यासाइतके मोल होते. तेव्हा शाळा पाहायला गेलात तर इमारत पाहू नका, मुलांच्या वह्या मागा. एकाच वर्गातल्या तीन-चार वह्यांत ‘माझा आवडता सण’ स्वल्पविरामासकट सारखाच असेल तर तुम्हाला हवे ते कळले. भिंतीवरची चित्रेही पाहा. त्रिकोणी दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, खाली नदी आणि कडेला झोपडी, हे चित्र आपली मुले वर्षानुवर्षे काढत आली आहेत. आपल्याला दिसणारा पन्हाळा माथ्यावर सपाट आहे, तरीही कोल्हापूरच्या मुलाच्या चित्रात डोंगराला टोकच असते. डोळ्यांना दिसते त्याच्यापेक्षा फळ्यावर काढून दिलेले खरे मानायला मूल किती लवकर शिकते, हे त्या टोकांवरून दिसते. ज्या शाळेच्या भिंतीवर तुम्हाला एक जरी सपाट डोंगर दिसेल, तेथे थोडा वेळ थांबून शिक्षकांशी बोला.

माझा स्वतःचा कौल असा आहे की हे वर्ष संपेपर्यंत शाळा बदलू नये. मैत्रिणी सोडून नव्या वर्गात एकटे पडणे हे आधीच एकटे वाटणाऱ्या मुलीला सोपे जाणार नाही, आणि ‘प्रश्न विचारला म्हणून शाळा सोडावी लागली’ अशी समजूत तिच्या मनात राहिली तर ती आणखी गप्प होईल. वर सांगितलेल्या गोष्टी एक सत्रभर करून पाहा. तरीही तिला तेथे गुदमरल्यासारखे वाटत असेल आणि ती स्वतः तसे म्हणत असेल, तर नववीच्या प्रवेशाच्या वेळी दुसरी शाळा बघायला हरकत नाही. बघायला जाल तेव्हा तिला बरोबर न्या. मुख्याध्यापकांना एकच प्रश्न विचारायचा आहे: ‘मुलाचे उत्तर पुस्तकापेक्षा वेगळे, पण बरोबर असले, तर तुमच्याकडे गुण कसे देतात?’ त्यांनी एखादे घडलेले उदाहरण सांगितले तर बसून पुढचे बोला. ‘आमच्याकडे तसे काही होत नाही’ एवढेच म्हणाले तर चहा घेऊन निघा. हा प्रश्न तिला विचारावासा वाटला, तर तुम्ही दोघांनी मध्ये बोलू नये.